टक्के कशाचे?

प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्क परत मिळावे, हे तत्त्व आता बहुतेकांस मान्य आहे. वाद उरतो तो किती परत मिळावे याचा. आणि तोही टक्क्यांपेक्षा ते कशावर काढायचे याचा अधिक असतो. ‘वीस टक्के वजा’ हे शब्द कानी पडले की पालक मुकाट्याने मान डोलावतो. वीस टक्के कशाचे, हे त्याने विचारले नाही तर त्याचे उत्तर कार्यालय आपल्या सोयीने ठरविते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे पाच टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेआधी १५ वा अधिक दिवस माघार घेतल्यास पूर्ण शुल्क परत. त्यातून प्रक्रियाखर्चापोटी भरलेल्या शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि तेही कमाल ५,००० रुपये, कापता येतात. त्याहून कमी दिवस उरले असता ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. शिकवणी शुल्क व इतर शुल्क मिळून हा हिशेब होतो. अनामत रक्कम मात्र त्यातून वगळलेली आहे. ते शुल्क नव्हेच, ती विद्यार्थ्याची ठेव आहे.

आता एक उदाहरण घेऊ. वार्षिक शुल्क ८०,००० रुपये. एका कुटुंबाने पहिल्या हप्त्याचे ४०,००० व अनामतीचे ५,००० असे ४५,००० रुपये भरले आणि अंतिम तारखेनंतर दहाव्या दिवशी प्रवेश रद्द केला. भरलेल्या शुल्काचे ८० टक्के म्हणजे ३२,०००. त्यात अनामत मिळवून ३७,००० रुपये परत मिळावयास हवेत. अनामतही शुल्कात मिसळून २० टक्के कापले तर ३६,००० हाती येतात. कपात संपूर्ण वर्षाच्या शुल्कावर काढली तर १६,००० वजा होऊन अवघे २९,००० उरतात. टक्का तिन्ही वेळा तोच. पण पहिल्या आणि शेवटच्या उत्तरांत ८,००० रुपयांचे अंतर आहे. न भरलेल्या हप्त्यावरही कपात करणे हे परताव्याच्या कल्पनेशीच विसंगत आहे.

दिवसांचे गणितही तितकेच कठोर आहे. हाच अर्ज पंधराव्याऐवजी सोळाव्या दिवशी गेला तर ३२,००० च्या जागी २०,००० मिळतात. एका दिवसाची किंमत १२,००० रुपये! त्या एका दिवसात संस्थेचे तेवढे नुकसान झाले, असे कोणीही म्हणणार नाही. वस्तुतः कपातीचे समर्थन रिकाम्या राहिलेल्या जागेतच आहे. प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्याने ती भरली तर संस्थेस त्याचे शुल्क मिळतेच. मग पहिल्याचे निम्मे शुल्क ठेवून घेणे ही भरपाई नव्हे, मिळकत होय.

२०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १,००० रुपयांची कपात असा आदेश दिला होता. खर्च कागदपत्रे हाताळण्यापुरताच असेल तर ठरावीक रक्कमच न्याय्य, हे त्यातून सूचित होते. कारकुनाला एक अर्ज निकाली काढण्यास लागणारे श्रम शुल्काच्या आकड्याबरोबर वाढत नाहीत.

लेखी अर्जापासून १५ दिवसांत पैसे परत करण्याचे बंधनही २०१८ च्या अधिसूचनेत आहे. मध्यमवर्गीय घरात जुने शुल्क परत येईपर्यंत नव्या महाविद्यालयाचे शुल्क बहुधा उसनवारीनेच उभे राहते. म्हणून अर्जाची तारखेनिशी पोच आणि पायाभूत रक्कम, टक्के व अनामत वेगवेगळी दाखविणारा लेखी हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको; अर्ध्या पानाचा छापील तक्ता पुरे. जो हिशेब कागदावर मांडता येत नाही, तो पैसे कापण्याचा आधार होऊ शकत नाही.