रानवाटेची राखण

मोठ्या शहराच्या हद्दीला लागून अरण्य असावे आणि त्या अरण्यात सामान्य नागरिकाला पायी हिंडता यावे, हा योग आपल्या देशातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला आहे, आणि नागपूर हे त्यांपैकी एक आहे. पश्चिमेस अंबाझरी तलावाच्या काठाने पसरलेले जैवविविधता उद्यान, वायव्येस गोरेवाड्याचा तलाव व त्याच्या आसमंतातील रान, ऐन वस्तीच्या मध्यावर सेमिनरी हिल्सची टेकडी, आणि मोटारीने दोन-तीन तासांच्या आत पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला यांची वने: एवढी संपत्ती ज्या नगराला निसर्गाने आणि पूर्वजांनी मिळून दिली, त्या नगरातील माणसे रविवारी पहाटे जथ्याजथ्याने बाहेर पडू लागली तर त्यात आश्चर्य नाही. परंतु या आनंदाचा सारा डोलारा ज्या एका गोष्टीवर उभा आहे तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती गोष्ट म्हणजे पायाखालची वाट. ती कोणी काढली, पावसाळ्यात ती वाहून का जात नाही, आणि गेली तर तिची दुरुस्ती कोण करतो, हे प्रश्न आपण विचारीत नाही. आणि जोवर ते विचारीत नाही, तोवर आपण रानाचे पाहुणेच राहतो.

मेळ्याने रानात जाणे ही विदर्भाला नवी गोष्ट नव्हे. कार्तिकातील आवळीभोजन हा आमच्या घराघरांतला जुना शिरस्ता आहे. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकचा गड माणसांनी फुलून जातो. आणि नागपंचमीच्या सुमारास, ऐन श्रावणझडीत, पचमढीच्या परिसरातील नागद्वाराची अवघड पदयात्रा करण्यासाठी नागपुरातून व अवघ्या विदर्भातून हजारो भाविक सातपुडा चढतात. ही वाट आज व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून जाते आणि वर्षातून मोजकेच दिवस खुली असते. त्या दिवसांत विदर्भातील सेवामंडळे वाटेवर राहुट्या ठोकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा, जेवण आणि निवारा विनामूल्य देत असतात. ज्या वाटेने आपण चाललो त्या वाटेवरील इतरांचे चालणे सुकर करणे हा यात्रेचाच एक भाग आहे, ही जाणीव या मंडळांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. आणि आज ज्याला आपण स्वयंसेवेने केलेले वाटेचे काम म्हणतो, त्याचे बीज परदेशात शोधण्याऐवजी प्रथम येथेच शोधले पाहिजे.

श्रद्धेच्या जोडीला जिज्ञासेची वाटही या नगरात जुनी आहे. मध्यप्रांताची स्थापना १८६१ साली झाली, आणि ज्याला नागपूरकर आजही अजब बंगला म्हणतात ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली उभे राहिले. याच संग्रहालयाशी संबद्ध असलेल्या डी'अब्रू यांनी मध्यप्रांतातील पक्ष्यांची विस्तृत यादी तयार केली, आणि ती १९३५ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. पुढे वनखात्याच्या सेवेत नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट पायाखाली घातलेल्या मारुती चितमपल्लींनी ते ज्ञान मराठी वाचकाच्या ओंजळीत टाकले. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच ‘रानवाटा’ आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांना जोडून महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा करण्याचा पायंडा पाडला. त्या आठवड्यात नागपूरच्या तलावांकाठी दुर्बिणी घेतलेली मुले आणि त्यांचे शिक्षक दिसतात, तेव्हा ते एका दीर्घ परंपरेचे वारस असतात, ही गोष्ट त्यांना कोणीतरी सांगावयास हवी.

आता वाटेकडे वळू. पायवाट झिजते ती माणसाच्या पायांनी, असा आपला समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. पाय माती सैल करतात. ती घेऊन जाते पाणी. नागपूरच्या परिसरातील टेकड्या बसाल्टच्या आहेत. वर मुरूम आणि सखल भागात काळी कन्हार माती. वर्षाकाठी येथे हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून निसरडी होते. मुरूम पाणी झिरपू देतो, पण उतार मिळाला की सुटून जातो. पाण्याला रीतसर मार्ग दिला नाही तर ते आपला मार्ग स्वतः काढते, हा धडा २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरले तेव्हा साऱ्या शहराला मिळाला. टेकडीवरच्या हातभर रुंदीच्या पायवाटेला तोच नियम लहान प्रमाणात लागू पडतो.

म्हणून वाटेचे काम म्हणजे मुख्यतः पाण्याचा बंदोबस्त. जी वाट टेकडीच्या उताराला सरळ भिडून चढते ती दोन-तीन पावसाळ्यांत ओहोळ बनते; जी उताराला आडवी, हळूहळू वळसे घेत चढते ती टिकते. या विद्येत मुरलेली मंडळी एक साधे प्रमाण सांगतात, की वाटेचा चढ हा ज्या उतारावरून ती जाते त्याच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. शिवाय वाटेचा दरीकडील काठ डोंगराकडील काठापेक्षा किंचित खाली असावा, म्हणजे वरून आलेले पाणी वाटेवर न रेंगाळता आडवे उतरून जाते. जेथे असे करणे शक्य नसते तेथे वाटेवर दगडांची एक तिरपी ओळ पक्की गाडून पाणी बाजूला काढून द्यावे लागते. आणि त्या ओळीच्या तोंडाशी साचलेला गाळ व पाचोळा दरसाल उपसला नाही, तर पुढच्याच मोठ्या सरीत पाणी तिच्यावरून उसळून जाते आणि बांधणाऱ्याचे सर्व श्रम व्यर्थ होतात. हे काम करण्यास सब्बल, कुदळ, फावडे, घमेले आणि काही समजदार हात एवढे साहित्य पुरते. ते करून घेण्यास मात्र पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन वाटेवर उभे राहून पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे पाहणारा एक तरी मनुष्य लागतो.

चालणाऱ्यांच्या सवयीही येथे विचारात घेतल्या पाहिजेत. चिखल टाळण्यासाठी प्रत्येक जण कडेने जाऊ लागला की वाट रुंदावते, कडेचे गवत मरते आणि चिखलही तसाच रुंदावतो. आणि वळसा टाळण्यासाठी कोणी एकाने आडवाट धरली की आठवडाभरात तिच्यावर शंभरांचे पाय उमटतात. अशी आडवाट बंद करायची तर बोरी-बाभळीच्या काट्या तोंडावर टाकाव्यात, माती सैल करून वर पाचोळा पसरावा, आणि मुख्य म्हणजे मूळ वाट इतकी चालण्याजोगी ठेवावी की दुसरीचा मोहच होऊ नये. मनाईच्या पाटीपेक्षा चांगली वाट अधिक परिणामकारक असते.

यानंतर येतो झुडुपांचा आणि अग्नीचा विषय. ज्याला आपण घाणेरी आणि विदर्भात रायमुनिया म्हणतो ते अमेरिकेकडील झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आपल्या देशात आले आणि आज त्याने मध्य भारतातील रानांचा मोठा भाग व्यापला आहे. ते वरून छाटले तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत अशी, की जमिनीच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडावे, झुडूप उपटून उलटे ठेवावे म्हणजे मुळे पुन्हा मातीला टेकत नाहीत, आणि हे सारे फळे पिकण्यापूर्वी उरकावे. त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत वाढू द्यावे आणि नवे अंकुर दिसतील तसे काढीत राहावे. एका दिवसाच्या उत्साहाने हे काम साधत नाही. वर्षानुवर्षे परत येणारी मंडळीच ते करू शकतात. अग्नीचेही तसेच आहे. फेब्रुवारीपासून साग आणि तेंदू यांची पाने गळू लागतात, मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, आणि त्यातून वणवे पेटतात. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरते आणि त्याआधी जाळरेषा साफ करून घेते. नीट झाडून ठेवलेली पायवाट ही भूपृष्ठावरून सरकणाऱ्या आगीला काही प्रमाणात अटकाव करते आणि आग विझविणाऱ्यांना जागेवर पोहोचविते. एका कामात दोन कामे साधतात ती अशी.

येथे दोन गोष्टींचे भान राखले पाहिजे. पहिली कायद्याची. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा अंमल असतो. तेथे परवानगीवाचून प्रवेश नाही आणि तेथील काडीही हलविण्याचा आपल्याला अधिकार नाही. शहरालगतच्या उद्यानांतसुद्धा वनखात्याच्या संमतीवाचून आणि वनरक्षकाच्या देखरेखीवाचून कुदळ उचलू नये, कारण आपल्याला जे निरुपयोगी गवत वाटते ते जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीचे किंवा तित्तिराचे घर असू शकते. दुसरी गोष्ट न्यायाची. जाळरेषेचे आणि वाटांचे काम ही अरण्याकाठच्या गावांतील अनेक कुटुंबांची हक्काची मजुरी आहे. शहरातील सुखवस्तू माणसांच्या हौसेपायी ती बुडता कामा नये. स्वयंसेवकाने जेथे मजुरीची तरतूद नाही तेथे हात लावावा आणि जेथे गावकरी काम करीत आहेत तेथे त्यांच्याकडून शिकावे. दगड कोणत्या अंगाने बसतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

‘हे तर सरकारचे काम’ असा आक्षेप येईल. वनरक्षकाच्या नियतक्षेत्रात कित्येक चौरस किलोमीटर रान असते. गस्त, आग, शिकारी आणि गावकऱ्यांच्या पीकनुकसानीचे पंचनामे यांतच त्याचा दिवस संपतो. त्याने पायवाटेचे दगडही बसवावेत ही अपेक्षा रास्त नाही. अमेरिकेत बेंटन मॅकाय याने १९२१ साली ॲपलेशियन पर्वतराजीच्या माथ्यावरून एक अखंड पायवाट असावी अशी कल्पना मांडली. १९३७ पर्यंत ती प्रत्यक्षात आली, आणि चौदा राज्यांतून जाणारी ती सुमारे ३,५०० किलोमीटरांची वाट आजही मुख्यत्वे स्थानिक मंडळांच्या स्वयंसेवकांनी आपापसांत तुकडे वाटून घेऊन राखलेली आहे. सरकारी खाते, एक मध्यवर्ती संस्था आणि अनेक लहान मंडळे यांनी परस्परांवर विश्वास ठेवून हे चालविले, हेच त्यातले अनुकरणीय तत्त्व. आणि श्रमाची महती विदर्भाला दुसऱ्याने शिकवावी असेही नाही. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावोगावच्या लोकांच्या हाती झाडू आणि फावडे दिले. बाबा आमट्यांनी मूलजवळच्या सोमनाथ येथे १९६७ साली युवकांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुले तेथे घाम गाळण्यास येऊ लागली. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिल्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका उतरला आणि गावेच्या गावे चर खोदण्यास लोटली. ज्या प्रदेशाने हे केले त्याला आपल्या नगरालगतची दहा-वीस किलोमीटर वाट राखता येऊ नये, हे पटत नाही.

मेळ्याने चालण्याचीही एक शिस्त आहे. पुढे वाट जाणणारा, मागे सर्वांवर नजर ठेवणारा, आणि मधली माणसे पंधरा-वीसांहून अधिक नाहीत, असा क्रम असावा. वेग सर्वांत मंद चालणाऱ्याचा असावा. प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाजवळ असावे, आणि एप्रिलनंतर नऊच्या आत परतावे, कारण येथील ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते. आग्या मोहळाच्या आसपास धूर आणि अत्तर वर्ज्य. गोरेवाड्याच्या रानात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा झुंजुमुंजू आणि दिवेलागण या वेळा त्याच्यासाठी सोडाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मौन. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन्यप्राणी पाहण्यासाठी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलेल्यांना ते आपोआप साधते, चालणाऱ्यांना ते शिकावे लागते.

परंतु नुसत्या चालण्याने जे मिळत नाही ते काम करण्याने मिळते, आणि म्हणूनच दोहोंची सांगड घालावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जीपमधून वाघ पाहणारा रानाकडून काहीतरी घेऊन परततो. दुर्बीण घेऊन चालणारा रान ओळखू लागतो. पण ज्याने एका चढावर स्वतः दगड बसविला आणि पुढच्या श्रावणात तो टिकला की नाही हे पाहण्यास जो परत गेला, तो त्या रानाचा संबंधी होतो. उद्या त्या टेकडीवर रस्त्याची किंवा इमारतीची तजवीज निघाली, तर सभेत उठून त्या जागेची माती, पाणी आणि झाडे यांबद्दल पुराव्यानिशी बोलणारा मनुष्य तोच असेल. लोकशाहीत अरण्याला मत नसते. त्याची बाजू जाणणारे नागरिक असावे लागतात, आणि असे नागरिक वाटेवरच घडतात.

नागपुरात पहाटे चालणाऱ्या मंडळांची वाण नाही. त्यांतील प्रत्येकाने येत्या पावसाळ्याआधी आपल्या नित्याच्या उद्यानाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे एक साधा अर्ज द्यावा, अर्धा किलोमीटर वाटेची जबाबदारी मागून घ्यावी, जूनच्या आरंभी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा तिची पाहणी व डागडुजी करावी, आणि काय केले याची नोंद एका वहीत ठेवून तिची प्रत वनखात्याच्या दप्तरात द्यावी. इतके पाच वर्षे सातत्याने झाले, तर या शहराजवळ टिकाऊ वाटा असतील, आणि त्या टिकवू शकणारी माणसेही असतील.