शिवडीत विसावलेले ‘काका’
स्मृतिस्थळांच्या वाटेवर : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण साताऱ्याच्या चार भिंतींपाशी थांबलो होतो. साताऱ्याच्या गादीवरून दूर केलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी लंडन गाठणारे आणि चौदा वर्षे कंपनी सरकारचे उंबरे झिजवणारे रंगो बापूजी तिथे आठवले. १८५३ साली ते रिकाम्या हातांनी परतले. त्यानंतर चौसष्ट वर्षांनी आणखी एक मराठी वकील विलायतेला गेला. या वेळी गाऱ्हाणे एका गादीचे नव्हते, मागणी साऱ्या देशाच्या स्वराज्याची होती. त्या वकिलाची समाधी मुंबईत, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. नाव बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना काका म्हणत.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या माथारपाखाडीतला. घराणे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई-साष्टीचे मूळचे कॅथलिक. घरात बोली मराठी आणि रविवारी चर्च. ‘ईस्ट इंडियन’ या नावामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. पण हे लोक बाहेरून आलेले नव्हेत, इथल्याच शेतांचे आणि कोळीवाड्यांचे. काका पुण्यात इंजिनिअर झाले, पुढे केंब्रिजला शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला तो कायमचा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी बचावाचे भाषण स्वतः केले, तेव्हा कायद्याच्या बाजूने मदतीला काका होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. टिळक स्वतः अध्यक्ष झाले नाहीत. पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे भोगून आलेल्या टिळकांवर सरकारचा डोळा होता. राजद्रोहाचे कलम १२४ अ केव्हा लागू होईल याचा नेम नव्हता. म्हणून मागणीचे शब्द तोलूनमापून निवडले गेले : बादशहाचे छत्र राहू द्या, कारभार मात्र आमच्या हाती द्या. सनदशीर मार्ग म्हणतात तो हाच. कायद्याच्या चौकटीत पाय रोवायचा आणि तिथूनच ती रुंद करायची.

त्याची कसोटी लगेच लागली. २३ जुलै १९१६ रोजी, टिळकांच्या साठीच्या दिवशीच, सरकारची नोटीस आली. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने जिना उभे होते. या निकालानंतर स्वराज्याची मागणी करणे म्हणजे राजद्रोह, असे म्हणण्याची सरकारला सोय उरली नाही. कालपर्यंत दबक्या आवाजात बोलला जाणारा शब्द गावोगावच्या सभांत उघड बोलला जाऊ लागला. लीगचे क्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे आपला सातारा जिल्हाही त्यातच.

१९१७ साली काका इंग्लंडला गेले आणि तिथल्या मजूर पक्षापुढे हिंदुस्थानची बाजू मांडू लागले. मजुरांशी त्यांचे नाते काही तिथे नव्याने जुळले नव्हते. मुंबईच्या टपालवाल्यांच्या संघटनेचे ते आधीपासून पुढारी होते. घरोघर पत्रे पोचवणाऱ्या पोस्टमनचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत पोचवणारा हा बॅरिस्टर. १९२० मध्ये मुंबईत ‘आयटक’ ही कामगार संघटना स्थापन झाली, तेव्हाही ते पुढे होते. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

आता शिवडी. १८६५ च्या सुमारास म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ही दफनभूमी मुख्यतः युरोपियनांसाठी करवून घेतली. बोरीबंदर स्टेशनची भव्य इमारत उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट इथेच पुरलेले आहेत. साम्राज्याचे वैभव दगडात घडवणारे हे दोघे, आणि ते साम्राज्य कायद्याने हलवू पाहणारे काका, एकाच जमिनीत आहेत. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्या सर्वपित्रीसारखाच हा दिवस. पण ज्याने साऱ्या मुलखासाठी वकिली केली, त्याच्यासाठी मेणबत्ती लावणे एकट्या कुटुंबावर किंवा एका समाजावर सोडून कसे चालेल?

आपल्याकडे मलकापुरातून कराडात उतरले की प्रीतिसंगम येतो. २५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनी, त्यांच्या समाधीवर फुले वाहायला माणसे लांबून येतात, आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी कितीजण कामाधंद्यासाठी मुंबईला जातात. डॉकयार्ड रोड स्टेशनलगतच्या टेकडीवर काकांच्या नावाची बाग आहे. शिवडी तिथून फार लांब नाही. पुढच्या खेपेला वाकडी वाट करून जा, सोबत मुलांना न्या. ‘हे कोण?’ असे त्यांनी विचारले, तर सांगा : हे आपले काका.

(पुढील आठवड्यात : प्रीतिसंगमावरची समाधी)