फुलांची जुनी बशी: ओळख, किंमत आणि मोल

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर इथेच, जामखेडला, एका ताईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी काढली. कडेनं गुलाबांची वेल, काठाला सोनेरी रेघ. त्यांनी विचारलं, ‘सर, ही किती जुनी असेल? आणि विकली तर काय येईल?’ आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, भांड्यांचा व्यापार कधी केला नाही. पण वस्तू ओळखायची कशी आणि तिचं मूल्य ठरवायचं कसं, हा प्रश्न आमच्याच विषयातला. म्हणून आज त्याबद्दल.

आधी माती पाहू. भांड्याला लोहचुंबक चिकटला, तर ते चिनीमातीचं नव्हेच. लोखंडावर इनॅमल चढवलेलं आहे. घरोघरी ही गल्लत होते. चुंबक चिकटला नाही, तर बशी दिव्यासमोर धरा आणि मागे बोटं ठेवा. बोटांची सावली दिसली, तर ती पोर्सेलीन किंवा बोन चायना. दिसली नाही आणि टवका उडालेली जागा खडूसारखी भुरी असेल, तर साधी पांढरी माती, वर झिलई. लोणच्याची जाड बरणी या दोन्हींहून वेगळी. तिची माती भाजून दगडासारखी घट्ट झालेली असते. नखानं हलकी टिचकी मारा. चांगली बशी खणखणते. चीर असेल तर आवाज बद्द येतो.

मग फूल. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, किंवा वेलीची दोन टोकं कुठेतरी नीट जुळलेली नसली, तर ती छपाई. हातानं रंगवलेल्या दोन पाकळ्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. रंग बोटाला जाणवला तर तो झिलईच्या वर आहे, आणि चमच्यानं घासला जातो.

आता बशी उलटी करा. तळाशी ‘इंग्लंड’ असेल, तर माल बहुधा १८९१ नंतरचा. त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन’ हे शब्द साधारणपणे विसाव्या शतकातले. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा काळ. कलकत्त्याची बेंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, किंवा सौराष्ट्रात थानगढला गणपुले या मराठी माणसानं काढलेली परशुराम पॉटरी, असे देशी शिक्केही सापडतात. ‘डिशवॉशर सेफ’ लिहिलं असेल, तर वस्तू अलीकडची.

इथे एक चूक हमखास होते. शिक्क्यात ‘स्थापना १७५९’ असं काही असलं, की लोक बशीच तेवढी जुनी मानतात. ते कारखान्याचं जन्मवर्ष, बशीचं नव्हे. आणि शिक्का नाही म्हणजे वस्तू खोटी, असंही नाही.

आता किंमत. जुनं म्हणजे महाग, हा समज सोडा. छापील गुलाबांच्या बश्या अफाट संख्येनं निघाल्या. चीर, टवका, उडालेलं सोनं, हरवलेलं झाकण, अपुरा संच, यानं भाव पडतो. आणि विकणारा मागतो तो आकडा धरू नका. वस्तू खरोखर विकली गेली तो आकडा शोधा.

एक सावधगिरी. जुन्या झिलईत आणि रंगात शिसं असू शकतं. लिंबू, चिंच, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. झिलईवर जाळीसारख्या भेगा असतील, तर ते भांडं फडताळात शोभेला ठेवा, जेवणात नको.

आमच्या आईची निळ्या फुलांची साखरदाणी होती. झाकण फुटलं, तेव्हा तिनं ते लाखेनं सांधलं. ती गेल्यावर घर आवरताना एका व्यापाऱ्यानं झाकण पाहून ‘याला काही येत नाही’ म्हटलं, आणि आम्हीही ती किरकोळ पैशांत देऊन टाकली. बाजाराच्या हिशेबानं तो बरोबर होता. बाजार एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येईल असं धरूनच भाव करतो. तशीच, अखंड झाकणाची साखरदाणी आजही मिळेल. पण आईचा हात त्या लाखेच्या सांध्यात होता, आणि तो दोष आहे असं आम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान्य केलं. आज ती फुलं कोणती होती, तेही आम्हा भावंडांना नीट आठवत नाही.

म्हणून विकू नका असं आमचं म्हणणं नाही. गरज असेल तर जरूर विका, त्यात अपराध नाही. फक्त आधी एका कागदावर लिहा: कुणाची, कुठून आली, कशाला वापरली, कुणी सांधली. एक फोटो काढा. मग ठरवा.

त्या ताईंची बशी छापील निघाली, तळाला ‘मेड इन जपान’. फार काही येणार नाही, असं आम्ही सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. ‘घरात कुणी आणली?’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘सासूबाईंची आहे. पण त्यांना कुठून मिळाली, ते कधी विचारलंच नाही.’ सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही म्हटलं, ‘ताई, बशी नंतर बघू. आज घरी जाऊन ते विचारा.’

आता आपले प्रश्न घेऊ.