ध्वनिपेटी : तारेची आणि बिनतारी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या संगीत मंडळाच्या खोलीत कोपऱ्याला दोन मोठ्या लाकडी पेट्या कित्येक वर्षे पडून होत्या. कोणी त्यांवर नाटकाचे कपडे ठेवी, कोणी खुर्ची कमी पडली की बसे. या पेट्या म्हणजे स्पीकर आहेत हे यंदा खोली आवरताना आमच्या ध्यानी आले. लगेच सूचना निघाली की, हे धूड भंगारात द्यावे आणि मंडळाच्या शिल्लक रकमेतून बिनतारी स्पीकर घ्यावेत. मोबाइलवर बोट टेकवले की गाणे सुरू! सूचनेला टाळ्या पडल्या. मंडळाचे काम पाहणारे सर मात्र एवढेच म्हणाले, "काय टाकतो आहोत आणि काय घेतो आहोत ते आधी समजून घ्या, मग ठरवा." समजून घेण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी नाही. तरी गेल्या दोन महिन्यांत जे वाचले, जाणकारांना विचारले आणि पेटी उघडून डोळ्यांनी पाहिले, ते येथे साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

पेटी बोलते कशी?

स्पीकरच्या तोंडाशी कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक शंकू असतो. त्याच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चुंबकाच्या खाचेत अधांतरी बसवलेले असते. वेटोळ्यातून वीज खेळू लागली की ते मागेपुढे हलते, त्याबरोबर शंकू हलतो, शंकूपुढची हवा हलते आणि तो हेलकावा आपल्या कानापर्यंत येतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेला पक्के रूप दिले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी खिशातल्या स्पीकरपासून सभागृहातल्या स्पीकरपर्यंत बहुतेक ठिकाणी हीच युक्ती चालते.

परंतु एकच शंकू सर्व स्वरांना न्याय देऊ शकत नाही. डग्ग्याचा घुमारा उमटवायला मोठा शंकू लागतो, तर झांजेची किणकिण उमटवायला लहानसा, हलका पडदा. पहिल्याला वूफर म्हणतात, दुसऱ्याला ट्वीटर. मग कोणते स्वर कोणाकडे जावेत याची वाटणी करणारा कोणीतरी हवा. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. शिवाय मोबाइल किंवा रेकॉर्ड प्लेअर यांतून येणारी वीज फार क्षीण असते. तिला बळ देणारा अॅम्प्लिफायर हवा. म्हणजे वाटणी करणारा, बळ देणारा आणि बोलणारा असे तिघे प्रत्येक ठिकाणी असतातच. फरक आहे तो त्यांच्या क्रमात आणि मुक्कामात.

क्रमाचा फरक

जुन्या पद्धतीत अॅम्प्लिफायर बाहेर, स्वतंत्र डब्यात असतो. तो आधी संपूर्ण आवाजाला बळ देतो. ही बलवान वीज तारेने पेटीत येते आणि मग आत तिची वाटणी होते. पेटीला स्वतःचा विजेचा प्लग नसतो, म्हणून तिला पॅसिव्ह, म्हणजे निष्क्रिय म्हणतात. आमच्या खोलीतली पेटी मी उघडली, तेव्हा आत लाकडी फळीवर तारेची दोन वेटोळी आणि तीन-चार कपॅसिटर एवढाच संसार निघाला. वेटोळे खालच्या स्वरांना वाट देते आणि वरच्यांना अडवते. कपॅसिटर नेमके उलट करतो.

दुसऱ्या पद्धतीत आवाज क्षीण असतानाच त्याची वाटणी होते आणि मग वूफरला एक, ट्वीटरला एक असे वेगवेगळे अॅम्प्लिफायर दिले जातात. हे सर्व पेटीच्याच पोटात असते. म्हणून तिला अॅक्टिव्ह, म्हणजे सक्रिय म्हणायचे.

सक्रिय पद्धतीचे फायदे खरे आहेत, ते मान्य केलेच पाहिजेत. बलवान विजेची वाटणी करताना काही शक्ती वेटोळ्यांत उष्णता होऊन वाया जाते. शिवाय अॅम्प्लिफायर आणि शंकू यांच्यामध्ये वेटोळे आल्याने अॅम्प्लिफायरची शंकूवरची पकड सैल होते. क्षीण विजेची वाटणी मात्र नेमकी करता येते. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली अशा वाटणीवर लिहिलेला निबंध आजही या विषयात प्रमाण मानला जातो. अलीकडे हे काम पेटीतला छोटा संगणक आकडेमोडीने करतो. खालचे स्वर कमी पडले तर तो त्यांना उचलून धरतो आणि आवाज फार वाढला तर शंकू फाटू नये म्हणून हात आखडताही घेतो.

गंमत अशी की, सक्रिय पेटी ही काही आजची कल्पना नव्हे. राइस आणि केलॉग यांचा स्पीकर १९२६ साली रेडिओला १०४ या नावाने बाजारात आला, तेव्हा त्याच पेटीत अॅम्प्लिफायरही होता! पुढे १९४८ साली लाँग प्ले रेकॉर्ड आल्या आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड आल्या. दोन बाजूंना दोन पेट्या, मध्ये एक अॅम्प्लिफायर अशी मांडणी घरोघरच्या शौकिनांना सोयीची ठरली आणि निष्क्रिय पेटी रूढ झाली.

बिनतारी म्हणजे नेमके काय?

येथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. माझाही झाला होता. सक्रिय असणे आणि बिनतारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज पेटीपर्यंत कसा पोहोचतो हा एक प्रश्न, आणि अॅम्प्लिफायर कोठे आहे हा दुसरा. हवेतून निरोप येऊ शकतो, पण शंकू हलवण्याइतकी वीज येत नाही. म्हणून प्रत्येक बिनतारी स्पीकर सक्रिय असावाच लागतो. प्रत्येक सक्रिय स्पीकर मात्र बिनतारी असतोच असे नाही. आणि ज्याला बॅटरी नाही अशा बिनतारी पेटीला भिंतीतल्या विजेची तार लागतेच. दोन पेट्यांना दोन प्लग. आमच्या खोलीत प्लगची जागा एकच आहे!

निरोप आणण्याचे मार्गही सारखे नाहीत. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि डावी-उजवी अशा २ बाजू, म्हणजे एकूण १४,११,२०० बिट असतात. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत चांगल्या दर्जालाही सुमारे ३,२८,००० बिटच जातात. बाकीचा मजकूर कानाला फारसा जाणवणार नाही अशा बेताने गाळला जातो. वायफायवरून मात्र सगळा मजकूर जाऊ शकतो. ब्लूटूथचा आणखी एक दोष आम्हांला तालमीत कळला. आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो. नुसते गाणे ऐकताना याचे काही वाटत नाही. पण कोणी माइकवर गाऊ लागले आणि आवाज अशा पेटीतून निघू लागला की गायक पुढे आणि गाणे मागे! सम काही सापडत नाही.

एकाच घरची दोन भावंडे

दोन्ही पद्धतींची तुलना करायला एक चांगले उदाहरण इंग्लंडमध्ये मिळते. रेमंड कुक यांनी १९६१ साली केंट परगण्यात केईएफ ही कंपनी काढली. पुढे १९७० नंतरच्या दशकात बीबीसीने आपल्या बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए ही छोटी निष्क्रिय पेटी तयार केली. तिचे वूफर आणि ट्वीटर केईएफचे होते. तिच्या स्मरणार्थ केईएफने २०१२ साली एलएस ५० ही निष्क्रिय पेटी आणली, मग तिचेच बिनतारी भावंड आणले, आणि २०२० साली दोघांच्या सुधारित आवृत्त्या एकदमच काढल्या. दोन्हींत वूफरच्या मध्यभागी ट्वीटर बसवण्याची रचना तीच आहे.

निष्क्रिय पेटीचा समतोल आवाज ७९ हर्ट्झपासून सुरू होतो, असे कंपनीच सांगते. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. म्हणजे तो मूळ स्वर तेथे थोडा दबतो. बिनतारी भावंडात प्रत्येक पेटीत वूफरला २८० वॅट आणि ट्वीटरला १०० वॅट असे दोन अॅम्प्लिफायर आहेत, आणि आतला संगणक खर्जाची उणीव भरून काढतो. तेच शंकू, तेवढीच पेटी, पण आवाज अधिक भरदार. पहिल्या दिवसाच्या परीक्षेत सक्रिय भावंड पुढे आहे, हे उघड आहे.

दहाव्या वर्षाची परीक्षा

पण आमच्यासारख्या घरांत वस्तू एकदा घेतली की ती दहा-पंधरा वर्षे चालावी लागते. माझ्या दादाने कारखान्यातल्या पहिल्या बोनसमधून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला होता. दोन वर्षांत त्याची बॅटरी बसली. दुरुस्ती करणारे म्हणाले, "हा डिंकाने बंद केलेला आहे. उघडला तर फुटेल, आणि सुटा भाग मिळणार नाही." तरी आम्ही तो उघडला. तो फुटलाच, आतला शंकू मात्र अगदी शाबूत होता. न बिघडलेला गळा केवळ बॅटरीपायी कचऱ्यात गेला, याचे दादाला फार वाईट वाटले.

मोठ्या, महागड्या पेट्यांनाही हा धोका आहे. अमेरिकेतील सोनोस कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की, आपल्या काही जुन्या उपकरणांना त्या मे महिन्यापासून नवी संगणकीय सुधारणा मिळणार नाही. ग्राहकांत मोठी ओरड झाली. कंपनीला जुन्या उपकरणांसाठी निराळी सोय ठेवावी लागली. त्या उपकरणांचे शंकू काही म्हातारे झालेले नव्हते. म्हातारा झाला होता तो त्यांच्या पोटातला संगणक.

सक्रिय पेटीत गळा, हृदय आणि मेंदू एकत्र शिवलेले असतात. त्यांतला सर्वांत अल्पायुषी भाग साऱ्यांचे आयुष्य ठरवतो. निष्क्रिय पेटीच्या पाठीला फक्त दोन टोके असतात, एक लाल आणि एक काळे. पन्नास वर्षांपूर्वीची एलएस ३/५ए आजच्या अॅम्प्लिफायरलाही तितक्याच सहज जोडता येते. निष्क्रिय पेटी अमर आहे असे नव्हे. आपल्या दमट हवेत शंकूच्या कडेचा फोम झडतो, कपॅसिटर सुकतात. पण हे रोग बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बरे होतात.

आमच्या पेट्यांची परीक्षा आम्ही दीड व्होल्टच्या सेलने घेतली. लाल-काळ्या टोकांना सेलच्या तारा क्षणभर टेकवल्या की शंकू 'टक्' असा आवाज करून हलतो. दोन्ही पेट्या 'टक्' म्हणाल्या! एका वूफरची कड झडली होती, ती दुकानात नवी बसवून घेतली. ब्लूटूथही घेणारा एक लहान अॅम्प्लिफायर मंडळाने विकत घेतला. म्हणजे मोबाइलवर बोट टेकवण्याची सोय झाली, आणि उद्या ही पद्धत मागे पडली तर एवढा डबाच काय तो बदलावा लागेल.

तेव्हा मित्रहो, ज्याच्याकडे काहीच नाही, जागा थोडी आहे आणि झटपट चांगला आवाज हवा आहे, त्याने खुशाल सक्रिय बिनतारी पेटी घ्यावी. मात्र तिची बॅटरी बदलता येते का आणि तिला साधी तार जोडण्याची जागा आहे का, हे दुकानातच विचारावे. पण ज्याच्या माळ्यावर जुन्या पेट्या असतील, त्याने भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक सेल आणि दोन तारा घेऊन माळ्यावर चढावे. पेटी 'टक्' म्हणाली, तर ती अजून बोलायला तयार आहे असे समजावे.