न्यायासनाविना बाजारपेठ

जागतिक व्यापार संघटना १९९५ साली स्थापन झाली, तेव्हा दुबळ्या राष्ट्रासही बलाढ्याविरुद्ध दाद मागता येईल, अशी आशा होती. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळ ठप्प झाले. आता हरलेल्या पक्षाने अपील केले की निकाल लोंबकळत राहतो. साखर-अनुदानाच्या खटल्यात भारतानेही हाच मार्ग पत्करला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के आयातकर लादला, तेव्हा अखेरची दाद मागावी तरी कोठे?

जागतिकीकरणाच्या ओहोटीत स्वदेशीचा विजय पाहणाऱ्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, न्यायासनाविना बाजारात बळी तो कान पिळी, हाच कायदा. ते मंडळ पुन्हा उभे करण्यास भारताने पुढाकार घ्यावा.