अर्ज कोरा का झाला?

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चिंचपाड्यात एखादी मुलगी साध्या अँड्रॉइड फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसलेली असते. ओटीपी बघायला ती मेसेजमध्ये जाते आणि परत येते, तर अर्ज कोरा! तिला वाटतं, आपलंच काही चुकलं. खरं तर फोनची मेमरी संपत आली होती, म्हणून अँड्रॉइडने मागे पडलेला ब्राउझर बंद केला.

अँड्रॉइडच्या मुळाशी आहे लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. जगातले बहुसंख्य सर्व्हरही त्यावरच चालतात. तिथे एकाच यंत्रात अनेक कंटेनर असतात. प्रत्येक प्रोग्रामची खोली वेगळी, मेमरी मात्र सगळ्यांत एक. गावच्या नळयोजनेसारखंच हे. कुणी थेट पाइपला मोटर लावली की शेवटच्या घराची तोटी कोरडी.

मेमरीसारख्या साधनांची वाटणी करणारी ‘सीग्रुप’ व्यवस्था गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये सुरू केली. जानेवारी 2008 मध्ये ती कर्नलमध्ये आली. एप्रिलमध्ये तिला मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग जोडला गेला. त्यामागे आयबीएमच्या भारतातल्या केंद्रात काम करणारे बलबीर सिंग यांचे मोठे श्रम होते.

समजा, एका कंटेनरला 512 एमबीची कमाल मर्यादा दिली. ती गाठली, की कर्नल आधी त्याच कंटेनरची आवराआवर करतो. फाइलींच्या साठवून ठेवलेल्या प्रती टाकून देतो, सोय असेल तर काही मजकूर डिस्कवर हलवतो. तरीही भागलं नाही, तर कर्नलचा ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’ आतला प्रोग्राम ठार करतो. नोंदीत 137 हा सक्तीने बंद झाल्याचा संकेतांक उरतो. शेजारचे कंटेनर मात्र सुखरूप राहतात.

2016 मध्ये अधिकृत झालेल्या सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत याहून समंजस उपाय आहे. ‘मेमरी.हाय’ ही कमाल मर्यादेच्या अलीकडची रेषा ओलांडली की कर्नल प्रोग्रामचा वेग रोखतो, त्याला मारत नाही. ‘मेमरी.मिन’ तर कंटेनरच्या हक्काची किमान मेमरी राखून ठेवते. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कमाल मर्यादा शेजाऱ्याला वाचवते, पण दुबळ्याला आधार मिळतो तो किमान हमीचा.

फोन असो वा सर्व्हर, मेमरी फारच कमी पडली की काहीतरी बंद करावंच लागतं. म्हणूनच अर्ज घेणाऱ्या संकेतस्थळांनी भरलेला प्रत्येक रकाना लगेच साठवायला हवा. मेमरी सांभाळायला कर्नल आहे. त्या मुलीची अर्ध्या तासाची मेहनत सांभाळणं हे संकेतस्थळ बांधणाऱ्यांचं काम आहे.