रसकर्पूर : नाव एक, संयुजा दोन

पन्हाळा तालुक्यातील कोडोली येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र शिकून आलेला असतो. मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा, आयन हे सारे त्याने परीक्षेपुरते घोकलेले असते. पुढे रसशास्त्राचा ग्रंथ हाती येतो, पारद, गंधक, लोह यांच्याशी नित्य संबंध येतो. परंतु ती जुनी वही तोवर माळ्यावर गेलेली असते. आम्हा चिकित्सकांपैकी अनेकांचीही हीच अवस्था आहे. ती वही खाली का काढावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आजच्या रासायनिक संज्ञांची पद्धत बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1813-14 च्या सुमारास घातली. पारदाची ‘एचजी’ ही संज्ञा ‘हायड्रार्जिरम’ या शब्दावरून आली. त्याचा अर्थ पाण्यासारखे रुपे. संज्ञेवरून धातू कोणता ते कळते, तो कोणत्या अवस्थेत आहे ते कळत नाही. ते संयुजा सांगते. लोहाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले की फेरस आयन होतो, तीन गमावले की फेरिक. हिरवट कासीस दमट हवेत उघडे राहिले की पिवळसर तपकिरी पडते, ते या तिसऱ्या इलेक्ट्रॉनच्या जाण्यामुळे. पन्हाळ्याच्या जांभ्याचा तांबडेपणाही फेरिक लोहाचाच. ग्रहणीत लोहाचे शोषण मुख्यतः फेरस रूपात होते आणि क जीवनसत्त्व फेरिकचे फेरस करण्यास साहाय्य करते. मात्र त्रिफळ्यातील टॅनिने लोहाला बांधूनही ठेवतात. लोखंडी कढईत काळा पडलेला काढा आपण सर्वांनी पाहिला आहे.

लोहाच्या बाबतीत एका इलेक्ट्रॉनचा फरक शोषणापुरता आहे. पारदाच्या बाबतीत तो प्राणांशी गाठ घालणारा आहे. मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, यात पारदाची संयुजा एक. त्याचे दोन अणू परस्परांना जोडलेले असतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मर्क्युरिक क्लोराइडमध्ये संयुजा दोन. 100 मि.लि. पाण्यात ते सुमारे 7 ग्रॅम विरघळते. एक-दोन ग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात, आतडी आणि वृक्क यांचा नाश होतो. दोन्ही पांढरीच. आणि रसकर्पूर हे नाव ग्रंथांत कोठे पहिल्याला, कोठे दुसऱ्याला, कोठे उभयतांच्या मिश्रणाला लावलेले आढळते!

परीक्षा अवघड नाही. अमोनियाचा द्रव घातला असता कॅलोमेल काळे पडते. मर्क्युरिक क्लोराइड पांढरे राहते. परंतु मिश्रणही काळे पडेल, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. चूर्ण पाण्यात हलवून गाळावे आणि गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. शेंदरी साका आला तर विद्राव्य मर्क्युरिक लवण त्यात आहे. (हे काम प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून करावे, हे सांगणे न लगे.)

डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. पुढे जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. अशा सामान्य तपासणीत नमुना तीव्र आम्लांत विरघळवून एकूण धातू मोजतात. म्हणजे अहवालात संज्ञा उरते, संयुजा नाहीशी होते. रससिंदूर आणि रसकर्पूर यांतील पारा तेथे एकाच रकान्यात येतो. ‘हा धातू नव्हे, संयुग आहे’ हा आपला युक्तिवाद त्यामुळे अर्धा योग्य आहे. पण संयुग कोणते, हे क्ष-किरण विवर्तनासारख्या परीक्षेने दाखवून देण्याची जबाबदारी आपलीच.

अर्धा अशासाठी, की पाण्यात न विरघळणारे ते निर्धोक, असे म्हणता येत नाही. रससिंदुरातील पारदाचे सल्फाइड अत्यंत अविद्राव्य आहे खरे, परंतु शिशाची अनेक संयुगे पाण्यात न विरघळताही जठरातील आम्लात अंशतः विरघळून आयन मुक्त करतात. नागभस्म देणाऱ्याने हे विसरू नये. शिशाच्या आयनावरील धनप्रभार दोन, कॅल्शियमच्या आयनावरीलही दोनच. शरीर तेथे फसते. शिसे कॅल्शियमच्या जागी अस्थींत जाऊन बसते आणि तेथे दशकानुदशके राहते.